उसापलीकडचे शेजारी

घर बदललं की माणूस आधी शेजार विचारतो. आम्हीही विचारला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंब्र्याहून सामानाचा टेम्पो जुन्नरला आला. डावीकडे कोण राहतं, उजवीकडे कोण, नळाला पाणी किती वाजता येतं, मशीद किती लांब, मुलांचा मकतब कुठे, एवढी चौकशी अम्मींनी सामान उतरायच्या आतच करून घेतली. घरमालकांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि विजेच्या मीटरबद्दल सांगावं तितक्या सहजपणे म्हणाले, "मागच्या बाजूला ऊस आहे. दिवेलागणीनंतर पोरांना एकटं तिकडं सोडू नका."

"साप निघतात का?" अम्मींनी विचारलं.

"सापही निघतात. पण मी बिबट्याचं म्हणतोय, आजी."

अम्मींनी हातातली तस्बीह घट्ट धरली आणि आमच्याकडे पाहिलं. मुंब्र्याला आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. तिथे जनावर म्हणजे कबुतर, मांजर आणि जिन्यातला उंदीर. बदलीचा कागद हातात आला तेव्हा आम्ही मोकळ्या हवेचं, स्वस्त भाज्यांचं, मुलांना खेळायला अंगणाचं स्वप्न पाहिलं होतं. त्या स्वप्नात बिबट्या कुठेच नव्हता.

आमची वस्ती गावाच्या कडेला आहे. अंगणात उभं राहिलं की एका बाजूला शिवनेरीचा कातळ दिसतो. थोडी घरं बांधून झालेली, थोडी अर्धवट, आणि मधल्या जागेत कुठे कांदा, कुठे ज्वारीची पट्टी, कुठे ऊस. मागून कालव्याची एक चारी वाहते. पहिले आठ दिवस आम्ही खिडक्या बंद करून राहिलो. पण घरात धाकटा सहा वर्षांचा आणि थोरली अकरा वर्षांची असली की खिडक्या फार दिवस बंद राहत नाहीत.

पहिला पाहुणा अंगणातच आला. फजरची नमाज आटोपून अम्मी पायरीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. नळाजवळच्या दगडावर एक छोटा पक्षी उतरला. वरून काळपट, पोटाला विटकरी, आणि शेपूट सारखी थरथरवणारा. तो खाली वाकून नमस्कार केल्यासारखा झुकायचा आणि शेपूट हलवायचा. अम्मींनी त्याचं नाव 'थरथऱ्या' ठेवलं. पुढे पुस्तकात पाहिलं तर मराठीत त्याला थिरथिराच म्हणतात! हिमालयात आणि त्याच्या पलीकडच्या मध्य आशियात तो अंडी घालतो आणि थंडी घालवायला आपल्याकडे येतो. "म्हणजे तोही बदली होऊन आलाय," थोरली म्हणाली. घरात त्या दिवशी पहिल्यांदा सगळे एकदम हसलो.

योगायोगाने तो आठवडा शाळांमध्ये पक्षी सप्ताहाचा होता. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्ष्यांसाठी पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. सलीम अलींची गोष्ट आम्ही मुलांना रात्री जेवताना सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला, आईवडिलांविना मामांकडे वाढलेला एक मुलगा. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाणं चालेल का, असा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनाही ती ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे त्याच्यासमोर उघडले गेले आणि त्या मुलाचं आयुष्य बदललं. एका लहान मुलाच्या प्रश्नाला घरातल्या मोठ्याने "जा, खेळ" असं उत्तर दिलं नाही, एवढ्यावरून केवढं काम उभं राहिलं.

आम्ही ठरवलं की आपणही प्रश्न टाळायचे नाहीत. एक शंभर पानी वही आणली. दिसेल ते तारखेनिशी लिहायचं. पहिल्या पानावर थिरथिरा, धोबी, होला, कोतवाल, वेडा राघू, भारद्वाज. तारेवर बसून किड्यावर झेप घेणारा गप्पीदास दुसऱ्या आठवड्यात सापडला. रात्री वडाच्या ढोलीतून चिरचिर भांडणारे ते पिंगळे, हेही मुलांनीच शोधून काढलं.

डिसेंबरात ज्वारी निसवली आणि भोरड्या आल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. एक-दोन नव्हे, थवेच्या थवे. संध्याकाळी त्यांचा थवा आभाळात वळतो तेव्हा वाऱ्यावर चादर झटकल्यासारखं दिसतं. पलीकडच्या शेतातल्या मावशी मात्र माचाणावर चढून गोफण फिरवत होत्या. "तुम्हाला शोभा दिसती, मास्तर. मला माझी कणसं दिसत्यात," त्या म्हणाल्या. खरंच होतं. नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागा पाहिल्या तर त्यांनाही जाळ्या आणि चमकणाऱ्या पट्ट्या बांधलेल्या. पण त्याच मावशी पुढे म्हणाल्या, "दाणं खात्यात तशा अळ्या बी खात्यात. अगदीच कुणाला उपाशी हाकलू नये." अम्मींना हे फार पटलं. कुरआनात पशुपक्ष्यांनाही माणसांसारख्याच उम्मती म्हटलं आहे, ते त्यांनी मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "आमच्यात बी असंच सांगत्यात, आजी." त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग वहीत एक वेगळी नोंद झाली.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी मावशींच्या गोठ्याबाहेर गर्दी दिसली. रात्री शेळी गेली होती. गोठ्याला तीन बाजूंनी भिंत होती, चौथ्या बाजूला नुसता पडदा. मावशी रडत नव्हत्या, गप्प बसल्या होत्या. ती शेळी गाभण होती. चारीच्या कडेला ओल्या मातीत ठसे उमटले होते. गोल, चार बोटांचे, नखांची खूण नसलेले. वनरक्षकांनी पंचनामा केला. ते म्हणाले, कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ते ठसे आमच्या मागच्या दारापासून शंभर पावलांवरही नव्हते.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. मुलांचा मकतब मगरिबनंतर असायचा. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. सुटायच्या वेळी पुरता अंधार, आणि घराकडची वाट उसाच्या बांधावरून. इतके दिवस मुलं त्या वाटेने हसत-खेळत येत होती आणि आम्ही इथे चहा पीत होतो, या विचाराने अंगावर काटा आला. परत मुंब्र्याला जाता येईल का, याचा हिशोबही आम्ही मांडला. अम्मी म्हणाल्या, "आधी माहिती घ्या. न पाहता घाबरणं आणि न पाहता बेफिकीर राहणं, दोन्ही सारखंच."

माहिती घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांचा मिळून जुन्नर वनविभाग होतो. कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं या भागात आहेत. धरणं झाली, कालवे आले. जिथे बाजरी आणि मटकी पिकायची तिथे बारमाही ऊस उभा राहिला. माणसाच्या दृष्टीने ते पीक, बिबट्याच्या दृष्टीने ते दाट रान. आत गारवा, शेजारी पाणी, आणि बांधावर कुत्री, डुकरं, शेळ्या. मादी तिथेच विते, पिल्लं तिथेच वाढतात. त्या पिल्लांनी दुसरं जंगल पाहिलेलंच नसतं. ऊस हेच त्यांचं जन्मगाव.

"मग पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?" धाकट्याने विचारलं. तेही करून झालं आहे. २००१ ते २००३ या काळात या भागात माणसांवरचे हल्ले फार वाढले होते आणि त्याच वर्षांत अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. त्यात दिसलं की असं हलवल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात. अनोळखी जागी टाकलेलं जनावर बिथरतं, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरं जनावर घेतं. जे पकडावेच लागतात, जखमी असतात किंवा पुन्हा सोडता येत नाहीत, त्यांच्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. पण सगळे बिबटे पिंजऱ्यात मावणार नाहीत आणि सगळा ऊसही उपटता येणार नाही.

हे कळल्याने भीती गेली का? नाही. या तालुक्यांतल्या काही घरांत बिबट्याने लहान मूल नेलं आहे. त्या आईबापांना कोणी 'सहजीवन' हा शब्द शिकवू नये. रात्रीच्या पाळीत शेतीची वीज येते म्हणून काळोखात पाणी धरायला जाणारा शेतकरी दिवसा वीज मागतो, ते उगाच नाही. त्याचं मागणं जिवाचं आहे.

आमच्या हातात होतं तेवढं आम्ही केलं. चार पालक मिळून मौलानासाहेबांकडे गेलो. त्यांनी त्याच दिवशी मकतबची वेळ बदलून असरच्या आधी घेतली. मगरिबला मुलं घरात. फजरला जाणारे आता तीन-चार जण मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जातात. मागच्या बाजूला दिवा लावला. उरलेलं अन्न आणि मटणाची हाडं उघड्यावर टाकणं बंद केलं, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधारात उघड्यावर वाकून किंवा उकिडवं बसून काम करायचं नाही, हेही सगळ्यांना बजावलं. मावशींच्या गोठ्याला चौथ्या बाजूने जाळी बसली. ती बसवायला वस्तीतली सगळी मंडळी होती. बिबट्या दिसला तर गोंगाट करत मागे धावायचं नाही, गर्दी करायची नाही, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं, हे एका पुठ्ठ्यावर लिहून आम्ही दारामागे लावलं.

आणि ऐकायला शिकलो. हा धडा मावशींचा. "रातच्याला टिटवी एकसारखी ओरडली तर कान द्यायचा. कुत्री भुंकत असली तर ठीक. भुंकता-भुंकता एकदम गप झाली, तर दार उघडायचं नाही." आतापर्यंत हे सगळे आवाज आमच्यासाठी नुसता रात्रीचा आवाज होता. आता त्यात बातमी ऐकू येऊ लागली.

शाळेतले शिपाईमामा आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले, महादेव कोळी समाजातले. आमची घाबरगुंडी पाहून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही नुसता उसातला बिबट्या ऐकलाय. एकदा आमच्याकडं या. रान बघा." धाकट्याला शेकरूही पाहायचं होतं. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही घोडेगावमार्गे निघालो.

घोडेगाव आंबेगाव तालुक्याचं मुख्य गाव. मग आंबेगाव कुठे? मामांनी डिंभे धरणाचं पाणी दाखवलं. "ते काय, खाली." घोड नदीवर धरण झालं आणि ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे तेच गाव पाण्याखाली गेलं. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. तेही याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. पाणी निळं, थंड, आणि मधोमध बदकांची एक रांग. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. आमच्याकडचा हिरवा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्या पाण्याखाली कुणाचीतरी घरं आहेत, हे कळल्यावर काय बोलणार?

तळेघरच्या पुढे रान दाट होत गेलं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झालं. ते शेकरूसाठी ओळखलं जातं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. आधी आम्हाला नुसत्या फांद्या हलताना दिसल्या. मग थोरलीने बोट दाखवलं. तांबूस अंग, झुबकेदार लांब शेपूट, या फांदीवरून त्या फांदीवर अशी उडी की खालचा माणूस श्वास रोखून धरतो. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. फांदीला फांदी लागलेली असेल तरच त्याचा रस्ता चालू राहतो. "मधलं एक झाड तोडलं की त्याचा पूल तुटला," मामा म्हणाले.

मामांच्या घरी भाकरी, वालाचं कालवण आणि चुलीवरचा चहा झाला. त्यांच्याकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. रानाच्या कडेला वाघोबाचं ठाणं असतं, तिथे नैवेद्य दाखवून गुराढोरांची राखण मागतात. आमची श्रद्धा वेगळी, पण त्यामागचं शहाणपण आम्हाला समजलं. मामांच्या वडिलांनी ते एका वाक्यात सांगितलं, "तो हाय, हे इसरायचं नाही." त्यांच्या गोठ्याला जाड लाकडी दार होतं, आणि ते दिवस मावळायच्या आत लागलं.

परत आलो तेव्हा आमच्या मागच्या उसाला तोड लागली होती. इथे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम नेमका थंडीत असतो. टोळी बीडकडची होती. एक जोडपं म्हणजे एक कोयता, अशा दहा-बारा कोयत्यांची. शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. बांबू, वाढं आणि प्लास्टिकचा कागद. दार नाही. पहाटे चारला कोयता सुरू. बाभळीला साडीची झोळी बांधून तान्हं मूल झोपवलेलं, आणि त्याची आई तिथून वीस पावलांवर ऊस तोडत असलेली.

आम्हाला मागच्या दाराला दोन कड्या होत्या आणि तरी आम्ही पळून जायला निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोळीतून आरडाओरड झाली. सरीत वाढ्याखाली बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. मुकादमाने तोड थांबवली. कुणीतरी मोबाईल घेऊन फोटो काढायला पुढे झालं, तर त्या झोळीवाल्या बाईने त्याला हटकलं, "हात लावू नका. आई येईल त्यांची." वनखात्याची माणसं आली. सगळ्यांना लांब केलं, पिल्लं तपासली आणि संध्याकाळी जिथे सापडली तिथेच एका खोक्यात ठेवून दिली. या भागात गेली अनेक वर्षं असंच करतात. पिल्लं उचलून नेली तर मादी चवताळून आसपास फिरत राहते. परत मिळाली तर ती त्यांना घेऊन निघून जाते.

त्या रात्री टोळीतल्या बायका-मुलांना वस्तीने आत घेतलं. कोणी शाळेच्या व्हरांड्यात, कोणी मावशींच्या पडवीत, आणि दोन बाया चार लेकरांसह आमच्या पुढच्या खोलीत. अम्मींनी खिचडी टाकली. झोळीतलं बाळ अम्मींच्या दुलईत झोपलं. रात्री नऊनंतर टिटवी ओरडू लागली. कुत्री भुंकली, आणि गप्प झाली. खोलीत कोणी बोललं नाही. बाळाच्या आईने त्याला जवळ ओढलं.

सकाळी उजाडल्यावर वनरक्षकांनी येऊन खोकं पाहिलं. रिकामं होतं. एकेक करून ती दोन्ही पिल्लं उचलून घेऊन गेली होती. "गेली बाई," झोळीवाली म्हणाली आणि कोयता उचलून कामाला लागली. टोळी आणखी सहा दिवस होती. ते सहाही दिवस रात्रीला बाया-मुलं आमच्याकडेच झोपली. जाताना ती अम्मींच्या पाया पडायला वाकली. अम्मींनी तिला मध्येच धरून उभं केलं आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली.

आता मार्च लागला आहे. ऊस तुटल्यामुळे मागच्या दारातून थेट चारीपर्यंत दिसतं. थिरथिरा अजून येतो, पण आता थोडेच दिवस. भोरड्यांचे थवेही उत्तरेकडे निघायच्या तयारीत आहेत. वहीची बासष्ट पानं भरली. बिबट्या आम्ही अजून एकदाही पाहिलेला नाही. पाहायची हौसही नाही. तो आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या नव्या घरात एक कुटुंब राहायला आलं. पुण्याहून, दोन लहान मुलं. अम्मींनी चहा पाठवला. आम्ही दारामागचा पुठ्ठा दुसऱ्या कागदावर उतरवून त्यांना दिला. मोठी माणसं अजून पाण्याची वेळ विचारत होती, तेवढ्यात आमचा धाकटा त्यांच्या मुलाला कुंपणापाशी घेऊन गेला. ऊन उतरत होतं.

"ती टिटवी," तो बोट दाखवून सांगत होता. "ती ओरडली ना, की खेळ बंद. आत यायचं. आणि तो बारका दिसतो ना, शेपूट हलवणारा, त्याला दगड नाही मारायचा. तो लांबून आलाय."